मानेतली मासळी

वाईतोआ
६ मे

आई,

क्षेमकुशल विचारायला हे पत्र नाही. तू फोन उचलत नाहीस. मावशीकडे निरोप ठेवला तर ती म्हणते, "लोसालिने कामावर गेलीये." सहा वर्षं माणूस रोज उठून कामावरच असतं का? पाद्रीणबाई कालोलाइने उद्याच्या विमानानं ऑकलंडला निघाल्यात, त्यांच्या हाती हे देते. तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून उठणार नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. चहा तरी पाज त्यांना.

बाबांना ईस्टरच्या आठवड्यात झटका आला. होडीतच, जाळं ओढताना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. इस्पितळातून आता घरी आणलंय. नर्स फिफिता एक दिवसाआड येते, दंडाला पट्टा बांधते आणि मान हलवते. काल जाताना मला पायरीवर थांबवून म्हणाली, "आतेलाइते, रक्तदाब असाच राहिला तर दुसरा झटका येणार. तो आला की मला हाक मारू नकोस, पाद्र्यांना मार. गोळ्या पोटात जाऊ देत आणि माणूस शांत राहू दे, एवढंच तुझ्या हातात आहे."

शांत राहू दे म्हणे. अगं, गोळी जिभेवर ठेवली की ते थुंकतात. डावा हात असा भिरकावतात की परवा माझ्या ओठातून रक्त आलं. डोळ्याला डोळा नाही. स्वतःचंच अंग त्यांना परकं झालंय आणि त्याचा राग ते सगळ्या घरावर काढतात.

आता मुद्द्याचं. त्यांच्या डोक्यावरून कुणी हात फिरवला तर ते निवतील. मला हे दिसतंय आणि मला ते करता येत नाही. लहानपणी एकदा त्यांच्या केसात अडकलेलं पान काढायला मी हात उचलला होता, तो तू हवेतच धरलास आणि चापट मारलीस. बापाच्या डोक्याला लेकरांचा हात लागत नाही, बापाचं उष्टं खायचं नाही, हे तूच शिकवलंस. बायकोचा हात चालतो. तू रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्यांच्या केसात खोबरेल जिरवायचीस. ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लोसा, मानेत मासळी फिरली गं."

आपल्या घरात त्या गोष्टीला दुसरं नावच नव्हतं. मानेच्या मागून बारीक मासळीचा थवा सुटतो, पाठीच्या कण्यावरून सळसळत खाली जातो, अंगावर गोड काटा येतो आणि हातपाय आपले राहत नाहीत. मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. शाळेत सांगितलं तेव्हा पोरी हसल्या. तुला ते होत नाही, पण मला आणि बाबांना होतं. तू झाडाच्या सालीच्या कापडावर काळी रेघ ओढायचीस, तुझी कुंचली हळूहळू सरकताना मी बघत बसायचे आणि मासळी फिरायची. तू ओरडायचीस, "झोपलीस की काय?" झोपले नव्हते गं. मी जगातल्या सगळ्यात चांगल्या जागी होते.

बाबांची मासळी मोगरीच्या आवाजानं फिरते. तुझं बायकांचं मंडळ कापडासाठी साल कुटायला बसलं की ते नेमके तेव्हाच जाळं दुरुस्त करायला भिंतीशी येऊन बसायचे, आठवतं? जाळं कधी दुरुस्त झालं नाही. ओंडक्याच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला... जाऊ दे, ते नाव लिहिलं तर तू पत्र फाडशील.

तर ऐक. मंडळ अजून निरफणसाखाली बसतं. मोगऱ्या सुरू झाल्या की बाबा हात खाली ठेवतात. चांगल्या हातावर काटा येतो, मी स्वतः बघितलाय. मी गोळी त्याच वेळी देते आणि ते गिळतात. पण बायका दिवसाला दोन तास कुटतात, बाकीचा दिवस मी काय करू? तू ये. भांडायला ये, मला शिव्या द्यायला ये, पण तुझे हात घेऊन ये. घरात मी एकटी आहे. तुझा जावई मोसेसे फळं तोडायला ऑस्ट्रेलियात गेलाय, नाताळाशिवाय येत नाही.

तुझी आतेलाइते

०

१८ मे

आई,

पाद्रीणबाई परत आल्या. मी विचारलं, "काय म्हणाली?" तर त्या म्हणाल्या, "वाचलं. घडी घातली. फ्रिजवरच्या बिस्किटाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, केक खा." मी म्हटलं, "रडली?" "नाही. पण चहात साखर दोनदा घातली."

तुझ्या चहातल्या साखरेवर मी आता किती दिवस काढू?

इकडे आगीतून फुफाट्यात पडलोय. गेल्या आठवड्यात आपले सरदार वारले. सगळं गाव काळ्यात आहे, कमरेला जुन्या फाटक्या चटया, गाणं नाही, नाच नाही. आणि साल कुटणं बंद. मोगऱ्या धुऊन, बांधून माळ्यावर गेल्या. सरदारांच्या घरून शोक उतरल्याचा निरोप येईपर्यंत वाईतोआत ओंडक्यावर मोगरी पडायची नाही. तुला हे सांगायला नको. म्हाताऱ्या सरदारीणबाई वारल्या तेव्हा तू मला ताटलीवर चमचासुद्धा वाजवू दिला नव्हतास.

पहिल्या दिवशी बाबा वाट बघत राहिले. मंडळाची वेळ झाली तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि कान लावून पडून राहिले. मग तोंडानं काही म्हणाले, मला कळलं नाही. पुन्हा म्हणाले. मग हात भिरकावायला सुरुवात केली. तेव्हापासून गोळी पोटात गेली असेल तर मी पाण्यात चोळून, अळूच्या पानांत शिजवलेल्या लू मधल्या नारळाच्या रसात चोरून दिलेली, तेवढीच.

मी काय काय केलं ते ऐक आणि हस. खराट्याचा आवाज त्यांना थोडा लागू पडतो. खिडकीखाली सावकाश, एकाच चालीत झाडलं की ते ऐकतात. त्यामुळे मी दिवसभर अंगण झाडते. आपलं अंगण आता देवळापेक्षा स्वच्छ आहे. डुकरंसुद्धा पाय पुसून येतात. शेजारची म्हणाली, "आतेलाइते, नवरा यायचाय वाटतं?"

चुलत बहिणीनं तिच्या मोबाइलवर एक मुलगी दाखवली. कुठल्यातरी देशातली आहे, माइकपाशी तोंड नेऊन कुजबुजते, नखांनी डबीवर टकटक करते, ब्रशनं काच पुसल्यासारखं करते. लाखो लोक झोपण्यासाठी हे ऐकतात म्हणे. मी ऐकलं आणि चक्क माझ्या मानेत मासळी फिरली. मला रडूच आलं. चौतीस वर्षं मला वाटत होतं की जगात मी आणि बाबा दोघंच आहोत. पण बाबांपाशी मोबाइल नेला तर त्यांनी फटका मारून तो कोपऱ्यात उडवला. परक्या बाईनं कानात कुजबुजलेलं त्यांना कसं चालेल? काच तडकली, आता बहीण माझ्याशी बोलत नाही.

मग मी तुझी जुनी कुंचली काढली, कापडाचा तुकडा त्यांच्या नजरेसमोर धरला आणि तुझ्यासारखी रेघ ओढायला बसले. हे जरा जमलं. त्यांचे डोळे कुंचलीबरोबर सरकत होते. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. रेघ वाकडी झाली की लगेच त्यांच्या कपाळाला आठी. एवढं झटका आलेलं माणूस, पण तुझी रेघ आणि माझी रेघ यातला फरक त्याला कळतो.

फिफितानं काल स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर येत्या आठवड्यात ती त्यांना इस्पितळात हलवणार आणि तिथे हात खाटेला बांधून सुई लावणार. मी म्हटलं, "बांधलं तर ते जीव सोडतील." ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. म्हणून तर अजून थांबलेय." ती वाईट नाही. तिचेही डोळे लाल झाले होते.

मला भीती वाटतेय, आई. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आतेलाइते

०

२४ मे

आई,

आधीच्या पत्रांत मी तुझ्याशी दोनदा खोटं बोलले. आता लपवून उपयोग नाही, कारण गावभर झालंय आणि कुणीतरी तुला मीठमसाला लावून सांगेलच.

पहिलं खोटं. घरात मी एकटी नाही. पिसिला आत्या झटक्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज येते. पत्र फाडू नकोस. ती आत येत नाही. बहिणीनं भावाच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती ओसरीवर चटई टाकून बसते. रताळी सोलते, कपडे धुते, डुकरांना घालते. एकदा तिनं दारातून नुसतं डोकावलं तर बाबांनी लाजेनं चादर ओढून घ्यायची धडपड केली आणि खाटेवरून अर्धे खाली आले. तेव्हापासून ती दाराकडे पाठ करून बसते. आत ते आरडाओरडा करतात तेव्हा ती हातातला सुरा खाली ठेवते, थांबते, मग पुन्हा सोलायला लागते.

दुसरं खोटं म्हणजे एक बेत मनात होता, तो मी तुझ्यापासून लपवला. परवा मी बाबांना मोसेसेच्या गाडीत मागे गादी टाकून निजवलं आणि खाजणापलीकडच्या आपल्या वाडीत नेलं. तिथे जुना ओंडका पडलाय. गावापासून लांब आहे, माडांची गर्दी आहे, कुणाला ऐकू जाणार नाही असं मी स्वतःला समजावलं. शेजारणीच्या माळ्यावरून मोगरी आणली होती, न विचारता.

मी कुटायला बसले. बाबांनी डोळे मिटले. आई, त्यांचा चेहरा सैल पडला. ओठाचा वाकडा कोपरासुद्धा जागेवर आल्यासारखा वाटला. मी गोळी दिली, त्यांनी गिळली, पाणी प्यायले, आणि जड जिभेनं म्हणाले, "मा... मास..." मी रडत कुटत होते. मला वाटलं, पकडलं तर पकडू दे.

आणि पकडलं. खाजणावर भरतीचं पाणी होतं, वारा नव्हता. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे मच्छीमाराच्या पोरीला कळू नये? गावचे मुखिया सेमिसी सायकलवरून आले, तेही काळ्यात, कमरेला ती एवढी मोठी चटई. ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, सरदारांच्या अंगणात बायका बसल्यात, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मोगरीचा एकेक ठोका मोजला. मी आता काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "सांगा की माझा बाप मरतोय."

ते म्हणाले, "त्यांचाही बापच गेलाय."



घरी आले तर आत्याला आधीच कळलं होतं. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती उठली, आपली सगळ्यात जुनी चटई कमरेला बांधली, माफी मागायला जाताना घालतात तशी चेस्टनटच्या झाडाची पानं गळ्यात घातली आणि सेमिसींना म्हणाली, "सरदारांकडे न्यायचं डुक्कर मोठं घ्या, कंजूषपणा नको." मी म्हटलं, "आत्या, चूक माझी आहे, मी येते." ती म्हणाली, "तू बापाजवळ बस. भावाच्या घराचं डोकं बहीण असते, म्हणजे मी. वाकायचं तर तेच वाकवायला लागतं, नाहीतर त्याला अर्थ नाही."

आणि ती गेली. पिसिला आत्या, जिनं आयुष्यात पाद्र्यांसमोरसुद्धा मान वर करून वाद घातला, ती सरदारांच्या दारात पानांची माळ घालून, कपाळ जमिनीला लावून उन्हात बसून राहिली. त्यांनी बराच वेळ आत बोलावलं नाही. मग सरदारांची थोरली लेक बाहेर आली, तिनं आत्याच्या गळ्यातली पानं काढली. मिटलं. पण आता पुन्हा मोगरी वाजली तर मिटणार नाही.

संध्याकाळी ती ओसरीवर पाय चोळत बसली होती. मी पाणी दिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे वाकणं तेव्हा जमलं असतं तर आज माझी आई इथे असती."

आई, मी हे बोलले. तिला. आत्याला.

ती पाय चोळायची थांबली. मग म्हणाली, "ते सालीचं कापड मी मागितलं तो बहीण म्हणून माझा हक्क होता. माझ्या पोराचं लग्न, माझ्या भावाच्या घरातलं कापड. माझ्या आत्यानं माझ्या आईच्या घरातून असंच नेलं, कुणी ब्र काढला नाही."

मी म्हटलं, "ते माझ्या लग्नासाठी होतं. आई दोन वर्षं खपली होती."

"मीही खपले होते," ती म्हणाली. "ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं? निम्मे ठोके माझे होते. लोसालिनेनं माझ्या तोंडावर चार शिव्या हासडल्या असत्या तर मी ते परत केलं असतं. ती माझ्याशी बोललीच नाही. नवऱ्यावर रागावली आणि विमानात बसली. बिचारा तो काय बोलणार होता? बहिणीसमोर भाऊ कधी बोलतो का?"

मी तुझी बाजू घेतली, हे लक्षात ठेव. पण तुला एक सांगू? कापड माझं गेलं होतं. मी कुठे निघून गेले नाही. नुसत्या चटईवर बसून लग्न केलं आणि तुझा नवरा तुझ्यामागे सहा वर्षं मीच सांभाळला. तुझा राग मला कळतो, पण माझा राग तुला कधी कळला का, हे मला विचारायचं होतं. आता विचारलं.

फिफिता पुढच्या सोमवारी त्यांना न्यायला गाडी घेऊन येणार आहे. मी तुला आता ये म्हणत नाही. वेगळंच मागते. तू गेल्यावर मी घर पालथं घातलं होतं, तुझी मोगरी सापडली नाही. कपडे ठेवलेस, फोटो ठेवलेस, मोगरी नेलीस. तर ती तुझ्याकडे आहे. ऑकलंडमध्ये कुणाचा शोक नाही. देवळाच्या मागच्या शेडमध्ये बायका कापड करतात असं पाद्रीणबाई सांगत होत्या. तिथे बस, कूट आणि तो आवाज भरून पाठव. मोबाइलमधलं परकं बाबांना चालत नाही, तुझ्याच हातचं हवं. कानावर बसणारं ते यंत्र असतं ना, तेही पाठव, म्हणजे आवाज त्यांच्या कानाबाहेर जाणार नाही आणि सरदारांच्या घराचा मान राहील.

पत्र लिहायची गरज नाही. नुसती कूट.

आतेलाइते

०

३ जून

आई,

पाद्रीणबाईंचा भाचा शनिवारच्या विमानानं आला. बिस्किटाचा डबा देऊन गेला. तोच असणार, फ्रिजवरचा. आत मोबाइल आणि कानावरचं यंत्र, तुझ्या जुन्या फुलाफुलांच्या झग्यात गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. मी झगा झटकून झटकून बघितला. बरं, मीच नको म्हटलं होतं.

काल रविवार होता. गाव देवळात होतं, घंटा वाजून गेली होती. आज सोमवारी फिफिताची गाडी येणार होती, म्हणजे हातात तेवढाच वेळ होता. बाबा सकाळपासून तापल्यासारखे लाल झाले होते, कपाळाची शीर उडत होती. मी यंत्र हातात घेऊन खाटेशी उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई, इतकं सगळं ठरवलं, पत्र लिहिलं, वाट बघितली आणि हेच डोक्यात आलं नव्हतं. ते डोक्यावर घालायचं असतं. त्यांच्या डोक्यावर. माझ्या हातांनी.

मी ते त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते फेकलं. मी पुन्हा दिलं, खूण करून दाखवलं, स्वतःच्या डोक्यावर घालून दाखवलं. एका हातानं त्यांना ते उघडता येईना. उशीवर ठेवून बघितलं, त्यांनी मान हलवली आणि ते खाली पडलं. त्यांचा आवाज चढायला लागला. मी हात उचलला. खरंच उचलला, केसांपासून वीतभर अंतरावर नेला आणि तो पुढे जाईना. माझा हात माझं ऐकत नव्हता. आणि बाबा माझ्या त्या हाताकडे बघत होते. काय नजर होती ती. ती मला मरेपर्यंत पुरेल.

ओसरीवरून आवाज आला, "काय झालं?"

मी सांगितलं. रडत, ओरडत सांगितलं की मला जमत नाही आणि ते मरतील.

आत्या उठल्याचं ऐकू आलं. चटईची सळसळ झाली. मग ती आत आली, आई. सरळ आत. बाबांनी तिला बघितलं असतं तर चादरीसाठी पुन्हा धडपडले असते, म्हणून ती भिंतीला चिकटून खाटेच्या डोक्याकडे गेली, त्यांच्या नजरेच्या मागे. म्हणाली, "आण इकडे." मी म्हटलं, "आत्या, तू या खोलीत..." ती हळू म्हणाली, "मान माझा मोठा आहे. त्याच्या डोक्याला माझा हात लागला तर त्याचं काही बिघडत नाही. लाजेचं म्हणशील तर ती मी सरदारांच्या अंगणात ठेवून आलेय. आण."

तिनं ते त्यांच्या कानांवर बसवलं. बाबांनी मान झटकली. तिनं दोन्ही तळव्यांनी ते दाबून धरलं. मी मोबाइलचं बटण दाबलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त बाबांचा चेहरा बघत होते. आधी काहीच नाही. डावा हात वर आला, आता फटका मारणार असं वाटलं. मग तो हात तिथेच थांबला. बोटं उघडली. हात सावकाश खाली आला आणि चादरीवर पडला. दंडावर काटा आला, केस न् केस उभा. तो काटा खांद्यापर्यंत गेला. कपाळाची शीर निवली. आणि जड जिभेनं ते म्हणाले, "लोसा." तेवढंच म्हणाले आणि मग एक मोठा श्वास सोडला.

मी गोळी दिली. त्यांनी गिळली.

आत्याला हात काढता येईना. तिनं हात सोडले की यंत्र घसरायचं. म्हणून ती तशीच वाकून उभी राहिली. तळव्यातून तिला आवाज येत असणार, कारण तिचा चेहरा बदलत होता. आधी ती भिंतीकडे बघत होती. मग तिनं कपाळाला आठी घातली, ताट वाढताना कुणी काही विसरलं की घालतात तशी. मला म्हणाली, "ही अर्धंच कुटतेय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"एक ठोका मारते आणि थांबते. एक मारते आणि थांबते. एकटी बाई असं कुटत नाही. एकटी बाई सलग कुटते."

 मी तिच्या हातांकडे बघत होते. तिचं उजवं बोट यंत्रावर हलायला लागलं. टक्. थांबलं. टक्. थांबलं. तुझ्या दोन ठोक्यांच्या मधली जागा ती भरत होती. आई, तिच्या डोळ्यांतून पाणी बाबांच्या उशीवर पडत होतं आणि तिचं बोट एकदाही चुकलं नाही.

बाबा झोपले. देवळातून गाव परतलं, जमिनीतल्या उमूच्या भट्टीतलं जेवण काढायची वेळ झाली, तरी झोपले होते. ते हात कुणाचे होते, हे त्यांना कळलं का ते मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

आज फिफिता गाडी घेऊन आली. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. म्हणाली, "काय दिलंस?" मी म्हटलं, "आईनं पाठवलं." तिनं गाडी रिकामी परत नेली. औषधं सुरू राहिली पाहिजेत, आठवड्यानं पुन्हा बघू म्हणाली. धोका टळला असं ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणत नाही. पण हात बांधणार नाहीत.

आत्या आता रोज आत येते. डोक्याशी बसते, नजरेआड. बाबा चादर ओढत नाहीत.

तू ती जागा मुद्दाम सोडलीस की हाताला सवय होती म्हणून सुटली, हे मी विचारायला बसले होते. दोनदा लिहून खोडलं. राहू दे.

आतेलाइते

०

२० जुलै

आई,

छोटंच लिहितेय, पाद्रीणबाई दारात उभ्या आहेत.

काल सरदारांच्या घरून निरोप आला, शोक उतरला. मोगऱ्या माळ्यावरून खाली आल्या. बाबा खुर्चीत बसतात, जाळं मांडीवर घेऊन, एका हातानं. दुरुस्त काही करत नाहीत. माझी रेघ पाहिली की अजून नाक मुरडतात.

सकाळी आत्यानं पोरांकडून ओंडका उचलून आपल्या घराच्या ओसरीसमोर आणवला, भिंतीशी, बाबांच्या खुर्चीजवळ. साल भिजवली आणि कुटायला बसली. मंडळातली वासिती मोगरी घेऊन समोर बसायला आली तर आत्या म्हणाली, "तिथे नको." वासिती म्हणाली, "अगं, मग एकटी किती कुटशील?" आत्यानं मोगरी उचलली.

ती एक ठोका मारते आणि थांबते. मग पुढचा मारते. सगळं गाव म्हणतंय, पिसिला म्हातारी झाली, हात चालत नाही.

ओंडक्याची दुसरी बाजू तिनं पाणी मारून पुसून ठेवलीये. तुझी मोगरी सामानात घालू नकोस, हातात घेऊन ये.

आतेलाइते